खोबऱ्याचं कलम

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे, परड्यात, एक रायवळ आंबा आहे. कोकणात रायवळांना माणसांसारखी नावं असतात: शेंदऱ्या, साखऱ्या, बिटकी. आमच्या झाडाचं नाव खोबऱ्या. फळ मुठीत मावेल एवढंच, आणि पिकलं तरी साल हिरवी, त्यामुळे परक्या माणसाला ते कच्चंच वाटतं. कापलं की आत घट्ट केशरी गर, चावताना ओल्या खोबऱ्याची आठवण व्हावी असा. तसा आंबा मी दुसरीकडे कुठे खाल्लेला नाही.

त्याची कोय लावून तोच आंबा मिळत नाही. कोयीतून उगवलेलं झाड आईवर जाईल याची शाश्वती नसते. तीच चव हवी असेल तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम बांधावं लागतं. कोकणातल्या पोरासोरांना हे ठाऊक असतं, मलाही होतं. म्हणून २०१४ च्या मे महिन्यात, पुण्याला परतताना, एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर मी लिहिलं, ‘खोबऱ्याचं कलम’. ते तिकीट जपून पाकिटात ठेवलं. सापडलं ते सात वर्षांनी.

मधल्या काळात वादळ येऊन गेलं. ३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि दक्षिण रायगड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कौलं उडाली, खांब पडले. फोन लागेना, आणि टाळेबंदीमुळे पुण्याहून निघायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी वडिलांचा, अण्णांचा, आवाज ऐकू आला. घर शाबूत होतं. गोठ्याचं छप्पर आणि तीन माड गेले होते. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “खोबऱ्या मधोमध फाटला. परसाकडची एक फांदी राहिल्ये.” फोन ठेवल्याबरोबर मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवला: ‘खोबऱ्याचं कलम!!’

त्यानंतरही सतरा महिने काहीच झालं नाही. त्या सतरा महिन्यांबद्दलच मला लिहायचं आहे, कारण त्या काळात मी झाडाला विसरले नव्हते. आठवड्यातून एकदा तरी तो विचार येऊन जायचा, आणि आला की दर वेळी छातीत थोडं दुखायचं.

मी भाषांतराची कामं करते. दिवसभर दुसऱ्याच्या वाक्यांशी बसायचं असतं, त्यामुळे माझे स्वतःचे विचार कडेकडेनं येतात. भांडी विसळताना, सिग्नलला, झोप लागता लागता. निसटू नयेत म्हणून मी ते पहिल्यापासून टिपत आले. वही जवळ असेल तर वहीत, नाहीतर पावतीवर, फोनवर, आणि स्वयंपाकघरात असेन तर कालनिर्णयवर. १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतीवर असलेलं ते कॅलेंडर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी कामांची यादी. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आईच्या रक्ततपासणीचा दिवस, सगळं त्याच्या चौकोनांत.

२०२१ च्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा हे सगळं सोबत नेलं. चार वह्या, चिठ्ठ्यांनी भरलेलं एक पाकीट, कालनिर्णयची फाडून ठेवलेली पानं, आणि फोनमधल्या दोन ॲपांतल्या नोंदी. मागच्या पडवीत चटई घातली आणि दोन दुपारी बसून एकूण एक टिपण एका वहीत उतरवलं. २१४ झाली. ‘आईचे डोळे’. ‘मुलीची सायकल’. ‘मोडी’. ‘सुधामावशी’. ‘पाण्याची टाकी’. ‘जुन्या पत्रांचं काहीतरी’. आणि पाच वेगवेगळ्या ठिकाणी, पाच वेगवेगळ्या वर्षी, ‘खोबऱ्याचं कलम’.

इतकं लिहूनही डोकं रिकामं का होत नव्हतं, याचा धागा मला मानसशास्त्रात सापडला. ब्लूमा झायगार्निक ही बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणारी संशोधक. अर्धवट तोडलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा माणसांच्या जास्त लक्षात राहतात, असं तिनं १९२७ मध्ये मांडलं. असं सांगतात की याची सुरुवात हॉटेलातल्या वेटरांपासून झाली. बिल चुकतं होईपर्यंत त्यांना कुणी काय मागवलं ते तोंडपाठ असे, पैसे मिळाले की विसर. मनाला उघडं खातं सोसत नाही, ते पुन्हा पुन्हा हाक मारत राहतं. पण माझ्या डोळ्यांसमोर खरा प्रकाश पडला तो २०११ च्या एका अभ्यासानं. मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांना असं दिसलं की ही हाक थांबायला काम पुरं व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी मन शांत होतं. याचा अर्थ मला असा लागला की नुसतं टिपणं पुरत नाही. ‘खोबऱ्याचं कलम’ हे शब्द पन्नास वेळा लिहिले तरी खातं उघडंच राहतं, कारण त्यात बेत नाही, नुसतं नाव आहे.

हे मला तेव्हा इतकं स्पष्ट नव्हतं. ते स्पष्ट केलं अण्णांनी.

अण्णा महसूल खात्यात होते, कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून २००९ मध्ये निवृत्त झाले. तिसऱ्या दुपारी ते चहा घेऊन पडवीत आले, चष्मा लावून माझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचली आणि म्हणाले, “अगो, तुझी आवक झालेली आहे. वाटप झालेलं नाही.”

तहसील कचेरीत टपाल आलं की आधी बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, त्याची नोंद होते: क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. पण नोंद झाली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. साहेब त्या कागदावर संकलनाचं, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाचं, नाव लिहितात, मग तो कागद कुणाच्या तरी टेबलावर जातो. ज्या कागदावर नाव पडलेलं नाही तो कुणाचाच नसतो. बारनिशीत तो असतो, कुणी विचारलं तर क्रमांक सांगता येतो, पण त्यावर कुणी काही करणार नसतं. “तुझे हे दोनशे चौदा कागद असे पडलेत,” अण्णा म्हणाले. “कुणावर मार्क केलेलेच नाहीत.”

मी म्हटलं, “पण अण्णा, करणारी मीच एकटी आहे ना? मार्क कुणावर करायचं?”

“तुझ्यावर कर. सोमवारी सकाळी दहा वाजता बसलेल्या तुझ्यावर. एसटीत बसून लिहिणारी ती निराळी.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. टिपणारी मी आणि करणारी मी या दोघी खरंच निराळ्या. टिपणारीला समुद्र दिसत असतो, आजी आठवत असते, आणि तिच्या दृष्टीनं ‘खोबऱ्याचं कलम’ या दोन शब्दांत सगळं आलेलं असतं. सोमवारी दहा वाजता बसलेलीला यातलं काही दिसत नाही. तिच्यासमोर दोन शब्द आहेत आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नाही. मग ती सोपं काहीतरी उचलते. वीजबिल भरते.

त्यानंतर मी माझ्या सगळ्या टिपणांचं व्याकरण तपासलं, आणि भाषेत काम करणाऱ्या माणसाला हे इतक्या उशिरा दिसावं याचं वाईट वाटलं. दीडशेहून जास्त नोंदींत क्रियापदच नव्हतं. जिथे होतं तिथे ते ‘बघणे’, ‘ठरवणे’, ‘विचार करणे’ असं होतं, म्हणजे जे करताना माणूस दिसत नाही असं. आणि उरलेली वाक्यं होती ‘पाहिजे’ची. मराठीत ‘कलम केलं पाहिजे’ म्हणताना कर्ता सांगावाच लागत नाही. वाक्य पुरं वाटतं, कर्तव्याची जाणीवही झालेली असते, आणि करणारा मात्र कुठेच नसतो. आमच्या घरात कित्येक वर्षं अशीच वाक्यं बोलली गेली. टाकी धुतली पाहिजे. मावशीला भेटून आलं पाहिजे. ज्यानं बोललं त्याला वाटायचं आपण निम्मं काम केलं, आणि ज्यानं ऐकलं त्याला वाटायचं बोलणाराच करेल.

आता मी नोंद लिहिते ती अशी की तिचा फोटो काढता आला पाहिजे. ‘आईचे डोळे’ याचा फोटो निघत नाही. ‘मंगळवारी अकरा वाजता नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून मोतीबिंदूच्या तपासणीची वेळ घेणे’ याचा निघतो. हात दिसतो, फोन दिसतो, घड्याळ दिसतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ॲलन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या, कामं मार्गी लावण्याच्या पद्धतीचा गाभाही हाच आहे: कुठल्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारायचा, पुढची दिसणारी कृती कोणती? आणि ती दोन मिनिटांत होणारी असेल तर लिहीत बसू नये, करून टाकावी. मी ते पूर्वी वाचलं होतं, ॲपही घेतलं होतं. पण ती पद्धत माझ्या हाडात शिरली ती अण्णांच्या कचेरीच्या भाषेतून. कदाचित ती भाषा मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले म्हणून असेल.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सहा गठ्ठे शिकवले.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठा पद्धत’ म्हणून एक शिस्त आहे. कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असलाच पाहिजे, सातवी जागा नाही. पहिला गठ्ठा कार्यवाहीचा, म्हणजे ज्यावर आता मलाच काही करायचं आहे. दुसरा प्रतीक्षाधीन: माझं करून झालं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखेला वर पाठवायच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांचा, म्हणजे कायम लागू असणाऱ्या सूचनांचा. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची, निकाली निघालेली प्रकरणं. आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. सोबत कार्यविवरण नोंदवही, आणि आठवड्याचा गोषवारा: मागची शिल्लक किती, नवे आले किती, निर्गत किती, उरले किती. ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरी आणि दप्तर लावण्याचा जो ध्यास घेतला, त्याला पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून नाव मिळालं. अण्णा ते दिवस सांगताना आजही ताठ बसतात. बाहेर लोक कचेरीला नावं ठेवतात, पण नीट लावलेल्या दप्तरातून म्हाताऱ्या माणसाच्या जमिनीची फेरफार नोंद दहा मिनिटांत काढून देण्यात काय समाधान असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं आहे.

आम्ही पडवीत सहा चिठ्ठ्या मांडल्या आणि २१४ नोंदींचं वाटप केलं. रात्रीचे साडेनऊ वाजले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

स्थायी आदेशांत थोडंच गेलं: मेतकुटाचं प्रमाण, बोअरच्या मोटरची दुरुस्ती कोण करतो, असलं. नियतकालिकांत विमा, पाणीपट्टी. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यानं मात्र मला चकित केलं. ज्या कामांचं ओझं मी माझं म्हणून वाहत होते त्यांतली कितीतरी खरं तर दुसऱ्याच्या हातात होती. वकिलांचं उत्तर, भावाचा होकार, प्रकाशकाचं पत्र. तिथे माझं काम एकच, तारीख टाकून ठेवणं आणि त्या तारखेला स्मरणपत्र देणं. मधल्या काळात त्याची काळजी करायची मला गरज नव्हती. अण्णा म्हणाले, “वाट बघणं हेसुद्धा नोंदवून करायचं असतं.”

सगळ्यात वेळ गेला सहाव्या गठ्ठ्याला. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम राहतो, ब वर्गाचा तीस वर्षं, ड वर्गाचा जेमतेम वर्षभर, आणि मुदत संपली की तो रीतसर नष्ट करायचा. मला ‘मोडी’ हा शब्द नष्ट करवत नव्हता. मोडी शिकायची इच्छा मी अकरा वर्षं बाळगली होती. अण्णांनी विचारलं, “या वर्षी शिकणार आहेस?” नाही. “पुढच्या?” मी गप्प बसले. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, त्या नोंदीपुढे ‘ड’ लिहिलं आणि खाली तारीख टाकली. मला रडू आलं. पण ते ओझं उतरल्याचं रडू होतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अकरा वर्षं एक गोष्ट मला रोज थोडीथोडी टोचत होती आणि मी तिला स्वप्न म्हणत होते. ७८ नोंदी सहाव्या गठ्ठ्यात गेल्या. सगळ्यांवर तारीख आहे.

एक गोष्ट मी कुठल्याच गठ्ठ्यात घातली नाही, आणि अण्णांनीही आग्रह धरला नाही. काही टिपणं काम व्हायला आलेलीच नसतात. ‘पावसाआधी विहिरीच्या पाण्याला येणारा वास’, ‘आजी दळताना थांबायची ती जागा’. यांची पुढची कृती विचारणं म्हणजे त्यांचा गळा धरणं. त्यांच्यासाठी वेगळी वही आहे. तिला तारखा नाहीत, गोषवारा नाही. विचारांचं काम करायचं तर कोणत्या विचारांना काम सांगायचं नाही हेही ठरवावं लागतं. फोनमधल्या ॲपांना हा भेद कळत नाही, सगळ्यापुढे तो छोटा चौकोन येतोच. म्हणून मी कागदावर परतले.

आणि खोबऱ्या? त्याची पाचही टिपणं एकत्र करून मी पहिल्या गठ्ठ्यात ठेवली आणि पुढची कृती लिहायला बसले, तेव्हा कळलं की मला काहीच माहीत नाही. कलम बांधावं लागतं एवढंच माहीत, कसं ते नाही. सात वर्षं न झालेल्या कामाच्या मुळाशी आळस असेल असं मी धरून चालले होते. होतं ते इतकंच, की पहिल्या पायरीचं नाव मला ठाऊक नव्हतं. म्हणून पहिली नोंद झाली: ‘उद्या सकाळी नऊ वाजता रोपवाटिकेत जाऊन कलमं बांधणाऱ्या काकांना विचारणे.’ गेले. वीस मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं.

कोय कलम पावसाळ्यात बांधतात. त्यासाठी कुठल्याही रायवळाच्या ताज्या कोयी मे-जूनमध्ये रुजवायच्या. कोय वाळवून ठेवली तर तिचा जीव जातो. दोन-तीन आठवड्यांत रोप वर येतं आणि त्याची पानं तांबूस कोवळी असतानाच कलम बांधायचं. काडी घ्यायची ती खोबऱ्याच्या तीन-चार महिने वयाच्या फुटीची, रोपाच्या जाडीची. आणि काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस, झाडावरच, तिची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग पाचर, खाच, प्लास्टिकची पट्टी, आणि सावली.

ऐकताना मी मनात उलटी मोजत होते. जुलैत बांधायचं तर कोयी जूनच्या पहिल्या आठवड्यात. काडी तीन-चार महिन्यांची हवी तर मार्चमध्ये आलेली पालवी नजरेत ठेवायची. म्हणजे नोव्हेंबरात, मी तिथे उभी होते तेव्हा, झाडाशी करण्यासारखं काहीच नव्हतं. मी पुण्याहून दर वर्षी मे महिन्यात यायची, आंबे खायची, हळहळायची आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परतायची. कलमाच्या हंगामात मी कधी तिथे नसायचीच. यादीत ते काम कितीही वर ठेवलं असतं तरी झालं नसतं. त्याची जागा तिसऱ्या गठ्ठ्यात होती, ऋतूंच्या विवरणपत्रांत. नव्या कालनिर्णयवर मी चार चौकोनांत लिहिलं. मार्च: अण्णांनी पालवीवर सुतळी बांधणे. जूनचा पहिला रविवार: वीस कोयी पिशव्यांत लावणे, अण्णा. जुलै: पानं छाटणे, अण्णा. त्यापुढच्या शनिवारी: मी दापोलीत.

२०२२ च्या जुलैत, भर पावसात, काकांनी पडवीतच वीस कलमं बांधली. मी पट्ट्या कापून देत होते. एका काडीला पाचर घ्यायला त्यांना काही सेकंद लागत, आणि प्रत्येक वेळी काडी रोपाच्या खाचेत बसली की ते क्षणभर डोळे मिटत, साल सालीला लागली का हे बोटांनी बघत. अण्णा बाजूला नोंदवही घेऊन बसले होते. एक ते वीस क्रमांक, तारीख, शेरा. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्यातला परिच्छेद, कलम म्हणजे यादीतली एक बाब. चाळीस वर्षं त्या अर्थांत काढलेल्या माणसाच्या वहीत चौथा अर्थ पहिल्यांदाच येत होता. त्यांनी वर विषय लिहिला: ‘खोबऱ्या – कलमे.’

पाऊस संपेपर्यंत अकरा जगली. शेरा रकान्यात नऊ ठिकाणी अण्णांनी ‘नष्ट’ लिहिलं आहे, तारखेसह. अकरातली चार भावंडांकडे गेली, दोन काकांनी ठेवून घेतली, पाच २०२३ च्या पावसात परड्यात लावली. मूळ झाडाची फांदीही अजून आहे. दर वर्षी दहा-बारा फळं धरते.

यंदा जानेवारीत परड्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या कलमाला मोहर आला. माझ्या छातीएवढंही नाही ते, आणि शेंड्याला वीतभर मोहर. मी गावी होते. पहाटे धुक्यात त्याच्याजवळ गेले तर तोच वास. पण पहिली काही वर्षं मोहर ठेवायचा नसतो, झाडानं ती ताकद मुळाला आणि खोडाला लावायची असते. हे काकांनी तेव्हाच सांगितलं होतं आणि माझ्या चौथ्या गठ्ठ्यात ते आहे. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. घरातून अण्णांनी हाक मारली.

“खुडलास का?”

“खुडते, अण्णा.”

“खुडलास की सांग. मला शेरा लिहायचाय.”